चीफ ऑफ स्टाफ म्हणून जॉइन होताय? सुरुवात कशी करायची, काय सांभाळायचं

ऑफर लेटरवर 'चीफ ऑफ स्टाफ टू एमडी' लिहिलंय, पगार बरा आहे, पण जॉब डिस्क्रिप्शन पुन्हा पुन्हा वाचूनही रोज सकाळी ऑफिसला जाऊन नक्की करायचं काय हे कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. बंगळुरूच्या स्टार्टअपमध्ये यालाच फाउंडर्स ऑफिस म्हणतात, तिथल्या कामाबद्दल बरंच वाचायला मिळतं. पण चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, कोल्हापूरची शिरोली इथल्या प्रमोटरच्या कंपन्या, म्हणजे वडिलांनी शेडमध्ये दोन-तीन मशिनी टाकून सुरू केलेली, आता मुलगा किंवा मुलगी एमडी, पाचशे-सातशे माणसं, दोन प्लांट, तिसऱ्याची जागा घेतलेली, अशा ठिकाणीसुद्धा हे पद आता यायला लागलंय आणि तिथे कसं वागायचं हे कोणी सांगत नाही. मी अशाच एका कंपनीत हे काम केलंय, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील, पण स्टार्टअपवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी एक सांगतो, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. या कामात दोनच गोष्टी होतात. वर झालेला निर्णय खाली जसाच्या तसा पोचतो का, आणि खाली जे खरं चाललंय ते वर जसंच्या तसं पोचतं का. प्रेझेंटेशन, रिव्ह्यू, ऑफसाइट, एक्सेल शीट हे सगळं या दोन गोष्टींसाठी. दिवसभर खूप धावपळ केली आणि यातलं काहीच हललं नाही तर त्या दिवशी काम झालं नाही असं समजायचं.

आधी हे पद काय नाही ते बघू

पीए साहेबांची, म्हणजे एमडीची, डायरी, तिकिटं, फोन बघतात. कंपनी सेक्रेटरीचं काम कायद्याने ठरलेलं आहे. सीओओच्या (रोजचं कामकाज चालवणाऱ्या प्रमुखाच्या) हाताखाली प्लांट असतात, त्याचे आकडे असतात, टार्गेट असतं. चीफ ऑफ स्टाफकडे यातलं काहीच नसतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ मध्ये मोठ्या कंपन्यांना जी पदं भरावीच लागतात ती दिलीत, एमडी किंवा सीईओ, कंपनी सेक्रेटरी, सीएफओ म्हणजे फायनान्सचा प्रमुख, आपलं नाव त्यात नाही. टीम नाही, बजेट नाही, कुठल्या कागदावर सहीचा अधिकारही नाही बहुतेक वेळा. एमडीच्या डोक्यावरचं जे काम कुठल्याच डिपार्टमेंटमध्ये बसत नाही किंवा तीन डिपार्टमेंटच्या मध्ये पडून राहतं ते तुमचं.

म्हणून काही लोक याला हलकं काम समजतात, 'बॅग उचलणारा' वगैरे म्हणतात. त्यांना एवढंच सांगा की एन. चंद्रशेखरन टीसीएसमध्ये तेव्हाचे प्रमुख एस. रामदोराई यांचे एक्झिक्युटिव्ह असिस्टंट होते, पुढे २००९ मध्ये टीसीएसचे सीईओ झाले आणि २०१७ मध्ये टाटा सन्सचे चेअरमन. इंटेलमध्ये पॉल ओटेलिनी तेव्हाचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांचे असिस्टंट होते, २००५ मध्ये इंटेलचे सीईओ झाले. ॲमेझॉनचे अँडी जॅसी एके काळी जेफ बेझोसच्या मागे सावलीसारखे प्रत्येक मीटिंगला बसायचे, २०२१ मध्ये त्याच खुर्चीवर बसले. मोठा निर्णय घेताना माणूस काय विचार करतो, कुठे घाबरतो, कोणाचं ऐकतो हे इतक्या जवळून बघायला दुसऱ्या कुठल्याच नोकरीत मिळत नाही.

जॉइन होण्याआधी एमडीशी एकदा नीट बसा

हे टाळू नका, आणि एचआरशी बोलून भागवू नका. समोरासमोर एक तास मागा आणि सरळ विचारा, मला कशासाठी घेताय? बरेचदा उत्तर येतं, 'अरे मला वेळच मिळत नाही, तू ये, मग बघू.' तेवढ्यावर थांबायचं नाही. पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या तीन गोष्टी व्हायला पाहिजेत? कुठल्या मीटिंगला मी बसायचं, कुठल्या नाही? पगारशीट, बँकेची बोलणी, घरच्यांच्या शेअर होल्डिंगचे कागद मी बघायचे का? तुमच्या गैरहजेरीत मी कोणाला काय सांगू शकतो? आणि शेवटचा प्रश्न, दोन वर्षांनी मी कुठे असेन?

घरी येऊन हे सगळं एका पानावर लिहा आणि त्यांना पाठवा. करार वगैरे नको, साधं पान. नंतर मतभेद झाले की त्या पानाकडे परत जाता येतं.

अजून एक गोष्ट मागून घ्या. तुमचं पद एमडीने स्वतः जाहीर करायला हवं, सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, आणि त्यात हेही सांगायला हवं की डिपार्टमेंट हेड पूर्वीसारखेच थेट एमडीला रिपोर्ट करतील. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही आलात हे कळल्याबरोबर पंचवीस वर्षं जुने प्रॉडक्शन हेड आणि वडिलांच्या काळापासूनचे अकाउंटचे काका या दोघांच्याही मनात एकच प्रश्न येतो, आता आपल्याला याच्यामार्फत जावं लागणार का. ती भीती पहिल्याच दिवशी एमडीच्या तोंडून गेली पाहिजे, तुम्ही कितीही समजावलंत तरी तुमच्या तोंडून ती जात नाही.

पहिला महिना

कोणाला केबिनमध्ये बोलवू नका, तुम्ही जा. प्लांटवर सकाळी सातच्या शिफ्टला जाऊन उभे राहा, डिस्पॅचला महिनाअखेरीची रात्र बघा, स्टोअरमध्ये बसा, क्वालिटीवाल्यांबरोबर जेवा. पीए ताई असतील तर त्यांच्याशी सगळ्यात आधी नीट बोला. साहेब कधी चिडतात, कुठला फोन लगेच द्यायचा, कोण आत जाऊन बाहेर येताना तोंड पाडून येतं हे त्यांना माहीत असतं. त्यांची डायरी हातात घेण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नका, डायरी त्यांचीच राहू द्या, तुम्ही फक्त त्यातला वेळ कशावर जातो एवढं बघा.

प्रत्येक हेडला मी दोन प्रश्न विचारायचो. साहेबांकडून तुम्हाला काय हवंय जे मिळत नाहीये? आणि कुठला निर्णय अडकून पडलाय? दुसऱ्या प्रश्नाला सगळे जागे होतात. कोणी सांगतं नवीन सीएनसी मशीनचं कोटेशन तीन महिने टेबलावर आहे, कोणी सांगतं एक व्हेंडर बदलायचा ठरलं होतं पण मग कोणी काही बोललंच नाही, कोणी सांगतं दोन माणसांचं प्रमोशन गेल्या एप्रिलपासून लोंबकळतंय.

ही सगळी यादी करा आणि प्रत्येक निर्णयाचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते शोधा. काही निर्णय माहितीसाठी थांबलेले असतात, एखादा आकडा मिळाला की सुटतात, ते तुम्ही आठवडाभरात सोडवू शकता आणि त्याने तुमच्यावर लोकांचा विश्वास बसायला लागतो. काही पैशासाठी थांबलेले असतात, ते सीएफओबरोबर बसून रांगेत लावायचे, हे याच तिमाहीत, ते पुढच्या. काही दोन माणसांचं पटत नाही म्हणून थांबलेले असतात, सेल्सला स्टॉक हवा असतो आणि फायनान्सला नको असतो, तिथे दोघांना एका खोलीत बसवून एकाच आकड्यावर आणावं लागतं, कारण बरेचदा दोघं वेगवेगळे रिपोर्ट बघून भांडत असतात.

आणि काही निर्णय साहेबांनाच नको असतात म्हणून थांबलेले असतात. खरं काम इथे आहे. जुना माणूस आता झेपत नाही पण त्याने वडिलांबरोबर कंपनी उभी केलीय, मग त्याला काय सांगायचं. चुलत भावाचं युनिट तोट्यात आहे, पण त्याच्या घरी दिवाळीला जायचंय. असे निर्णय एमडी वर्षानुवर्षं पुढे ढकलतात आणि सगळ्या कंपनीला ते माहीत असतं. तुम्ही यात मत देण्याची घाई करू नका, पण निर्णय न घेण्याची किंमत आकड्यात मांडा. त्या युनिटमुळे दर महिन्याला किती जातात, त्या जागेवरच्या माणसामुळे खालचे किती चांगले लोक सोडून गेले. एका कागदावर, कुठलंही विशेषण न लावता, आणि सोबत तीन रस्ते, त्यातला एक त्या माणसाचा मान राखणारा असलाच पाहिजे, सल्लागार म्हणून ठेवणं, ट्रेनिंगची जबाबदारी देणं, असं काही. माणूस घाबरतो तो निर्णयाला नव्हे, समोरच्याला कसं सांगायचं याला, तो रस्ता दाखवला की बरेच निर्णय सुटतात.

डायरीचं ऑडिट

महिनाभराने हे करा. गेल्या तीन महिन्यांची एमडीची डायरी प्रिंट काढा, रंगीत पेनं घ्या, ग्राहक, प्लांट, माणसं, बँक, सरकारी कामं, घरगुती, असे रंग लावा. मग सुरुवातीला त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी बाजूला लिहा. एक्सपोर्ट वाढवायचंय असं म्हणणाऱ्या माणसाच्या डायरीत एक्सपोर्टला अख्ख्या तिमाहीत एक तास नाही, हे कागदावर दिसलं की वेगळं सांगावं लागत नाही. हा कागद फक्त त्यांना दाखवायचा, एकट्यांना, आणि टोमणा न मारता. नंतर पीए ताईंबरोबर बसून आठवड्यातली दोन सकाळ मोकळी करून घ्या, त्या कशासाठी आहेत हे लिहून ठेवा, आणि त्या वेळेत कोणी घुसायला आलं तर अडवायचं काम तुमचं.

मीटिंग आणि त्यानंतरचं

सोमवारचा रिव्ह्यू बऱ्याच कंपन्यांत असा चालतो की प्रत्येक जण चाळीस स्लाइड दाखवतो, साहेब पाचव्या स्लाइडवर एका आकड्याला धरून बसतात, दोन तास जातात आणि उठताना कोणालाच माहीत नसतं काय ठरलं. ॲमेझॉनने २००४ मध्ये वरच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि लिहिलेला मजकूर आणायला लावला, सहा पानांपर्यंत, आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून तो वाचतात. आपल्याकडे सहा पानं कोणी लिहिणार नाही, पण एक पान लिहितात, मी लिहून घेतलंय. काय ठरवायचंय, आपल्याला काय माहीत आहे, माझं म्हणणं काय, खर्च किती. इंग्रजी जमत नसेल त्यांना मराठीत किंवा हिंदीत लिहू द्या, हे मी आग्रहाने सांगतो, कारण प्लांटवरचा सगळ्यात हुशार माणूस इंग्रजी स्लाइडमध्ये अडखळतो आणि साहेबांना वाटतं याला विषय कळत नाही. तोच माणूस मराठीत पानभर इतकं नेमकं लिहितो की बघत राहावं.

मीटिंगची शेवटची पाच मिनिटं तुमची. उभं राहून काय ठरलं ते मोठ्याने वाचून दाखवा. कोण करणार, कधीपर्यंत, आणि कोणाचा विरोध होता. विरोध लिहायचाच, त्या माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं आणि सहा महिन्यांनी निर्णय परत तपासायची वेळ आली तर उपयोगी पडतो. वाचताना हमखास कोणीतरी म्हणतं 'नाही नाही, असं नाही ठरलं', आणि तेवढ्यासाठीच ते वाचायचं. नोंद साधी ठेवा. उदाहरणार्थ: 'कोटिंगचा व्हेंडर बदलायचा. जबाबदारी परचेस हेड. नवीन व्हेंडरचा पहिला लॉट २० तारखेपर्यंत क्वालिटीकडे. तो पास होईपर्यंत जुन्याची ऑर्डर बंद करायची नाही. क्वालिटी हेडचं मत, दोन लॉट बघावेत.' बास, एवढंच. 'लवकरात लवकर', 'शक्य तितकं', 'संबंधितांनी' असे शब्द आले की ती नोंद परत लिहा.

यावरून नेपोलियनचं एक उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण चीफ ऑफ स्टाफ हे पद मुळात सैन्यातलंच. १७९६ च्या इटलीच्या मोहिमेपासून १८१४ पर्यंत बर्तिए नावाचा अधिकारी त्याचा चीफ ऑफ स्टाफ होता. नेपोलियन येरझाऱ्या घालत भराभर बोलायचा, बर्तिए त्याचे स्पष्ट लेखी हुकूम करून प्रत्येक तुकडीकडे पोचवायचा. स्वतः मोठा सेनापती म्हणून त्याचं नाव नाही, पण हे काम त्याच्यासारखं कोणाला जमलं नाही. १ जून १८१५ ला तो खिडकीतून पडून मेला आणि १८ जूनला वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा त्या जागी सूल्त होता, रणांगणावरचा नावाजलेला माणूस, पण हे काम त्याचं नव्हतं. ग्रूशी नावाचा सेनापती तीसेक हजार सैन्य घेऊन दुसरीकडे होता, त्याला गेलेले हुकूम संदिग्ध होते, निरोप उशिरा पोचले, आणि तो मुख्य लढाईला आलाच नाही. नेपोलियन हरला, त्याची कारणं बरीच होती हे मान्य, पण अभ्यासक या ढिसाळ हुकुमांचं कारण दर वेळी मोजतात. मीटिंगची नोंद लिहायचा कंटाळा आला की मला हे आठवतं.

पाठपुरावा करताना एकच पथ्य, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाला 'अपडेट?' असं विचारू नका. साठ माणसांसमोर विचारलेला साधा प्रश्नसुद्धा झापल्यासारखा लागतो. फोन करा, 'अमुक तारीख परवा आहे, काही अडचण आहे का, मी काही करू शकतो का', असं विचारा. तारखेच्या आधी विचारलं तर मदत होते, तारखेनंतर विचारलं तर चौकशी होते. सॉफ्टवेअर वगैरे कुठलंही चालेल, मी एक्सेल आणि वही वापरायचो.

'साहेबांनी सांगितलंय'

हे दोन शब्द फार जपून वापरा. मागून आणलेला दागिना जसा आपण त्या दिवसापुरता घालतो आणि नीट परत करतो तसा हा अधिकार आहे, तो तुमचा नाही. तुम्ही कॉरिडॉरमध्ये सहज म्हणालात की 'मला वाटतं हा रिपोर्ट जरा छोटा करा', तर संध्याकाळपर्यंत तो 'एमडी ऑफिसचा आदेश' झालेला असतो आणि चार माणसं रात्री बसून रिपोर्ट छोटा करत असतात.

म्हणून बोलताना प्रत्येक वेळी स्पष्ट करायचं की हे कोणाचं म्हणणं आहे. निर्णय झालेला असेल तर 'साहेबांचा निर्णय झालाय, नोंद पाठवतो'. अंदाज असेल तर 'साहेबांचा कल असा दिसतोय, पण मी विचारलेलं नाही, विचारून उद्या सांगतो', आणि उद्या खरंच सांगायचं. आणि स्वतःचं असेल तर 'हे माझं मत आहे, तुम्हाला पटलं तर घ्या'. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटतं, नंतर सवय होते, आणि मग तुमच्या शब्दाला वजन येतं कारण तुम्ही साहेबांचं नाव फुकट खर्च करत नाही हे सगळ्यांना कळलेलं असतं. एखादं काम स्वतःला सोपं जावं म्हणून एकदा जरी खोटं 'साहेबांनी सांगितलंय' म्हटलंत आणि ते उघड झालं, तर ती नोकरी त्याच दिवशी संपली असं धरा, पुढे वर्षभर नुसती खुर्ची उबवलीत तरी.

उलट बाजूही आहे. लोक तुमच्याकडे येऊन म्हणतील 'साहेबांच्या कानावर घाल, पण माझं नाव नको'. नेहमी हो म्हणू नका. आधी विचारा, तुम्ही स्वतः सांगितलंत तर? मी बरोबर बसतो. निम्म्या वेळा माणूस स्वतः सांगायला तयार होतो आणि ते सगळ्यांसाठी चांगलं. पण सेफ्टीचं काही असेल, पैशाची अफरातफर असेल, कोणा बाईला त्रास होत असेल, तर तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी वर सांगायचं आणि कायद्याने जी समिती आहे, जी पद्धत आहे तिथे ते गेलं का हे बघायचं. सांगणाऱ्याचं नाव मात्र जपायचं.

वाईट बातमी कशी सांगायची

लवकर, एकट्यात, आकड्यासकट. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेबांना नवीन काही कळता कामा नये, त्यातही वाईट. मोठ्या ग्राहकाने पुढच्या मॉडेलचा पार्ट दुसऱ्याला दिला, हे त्यांना आदल्या रात्री फोनवर कळलं पाहिजे, म्हणजे सकाळी ते विचार करून बसलेले असतात. आणि बातमी सांगताना कोणाची चूक हे लगेच जोडू नका. काय झालं, किती नुकसान, पुढच्या दोन दिवसांत काय करता येईल, एवढं आधी.

साहेब चुकतायत असं वाटलं तर ते सांगणं हे तुमचं कामच आहे, फक्त जागा बघा. केबिनमध्ये दार लावून कितीही जोरात सांगा, बाहेर आल्यावर निर्णय तुमचाही. बाहेर येऊन 'मी सांगितलं होतं पण ऐकत नाहीत' असं म्हणणारा माणूस या जागेवर ठेवण्यालायक नाही असं माझं ठाम मत आहे.

रागाच्या भरात आलेल्या हुकुमांचं काय? रात्री अकराला फोन येतो, 'त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांग'. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सनचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डेमन असे काही हुकूम तसेच ठेवून द्यायचा, राग उतरेपर्यंत. माझी पद्धत थोडी वेगळी आहे, मी ठेवून देतो पण तसं सांगतो: 'साहेब, सकाळी नऊला भेटतो, तेव्हा पक्कं करू आणि लगेच कळवतो.' परत फिरवता येण्यासारखं असेल ते लगेच करून टाका, परत फिरवता येणार नाही ते सकाळवर. लपवून थांबवणं वाईट, सांगून थांबवणं चालतं. याच हाल्डेमनला आणि त्याच्या सहकाऱ्याला लोक बर्लिनची भिंत म्हणायचे, निक्सनपर्यंत कोणाला पोचूच द्यायचे नाहीत म्हणून, आणि शेवटी वॉटरगेटची, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसात झालेल्या घुसखोरीच्या प्रकरणाची, लपवाछपवी केल्याबद्दल त्याला तुरुंगात जावं लागलं. बॉसला जपण्याच्या नावाखाली चुकीचं झाकायचं नाही, ही रेघ पहिल्या दिवशीच मनात पक्की आखून घ्या.

घरच्या कंपनीतलं अवघड प्रकरण

प्रमोटरच्या कंपनीत बरेच निर्णय रविवारी जेवणाच्या टेबलावर होतात. वडील, मुलगा, काका, कधी आई, आणि तुम्ही तिथे नसता, असूही नये. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं एमडीकडे मागून घ्या आणि विचारा, काल काही ठरलं का, आणि ते नोंदवहीत आणा. नाहीतर होतं काय की वडील प्लांटवर जाऊन थेट कोणाला तरी काही सांगतात, मुलाने वेगळं सांगितलेलं असतं, आणि मधला सुपरवायझर बिचारा भरडला जातो. त्याला सांगून ठेवा की दोन वेगळे हुकूम आले तर काम थांबवून मला फोन कर, तुझं नाव न घेता मी विचारतो.

मोठ्या साहेबांना, म्हणजे एमडीच्या वडिलांना, मान द्या, मनापासून द्या. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा, त्यांना कंपनीतलं सांगा, एमडीच्या परवानगीनेच. पण बाप-लेकातला निरोप्या होऊ नका. 'त्याला सांग, हे मला पटलेलं नाही' असं आलं की नम्रपणे म्हणा, 'दादासाहेब, हे तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल, मी दोघांची वेळ काढतो.'

गुप्तता, आणि कायदा

कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर हा भाग दोनदा वाचा. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांखाली तुम्ही जवळपास नक्कीच डेझिग्नेटेड पर्सन, म्हणजे आतली माहिती हाताशी असलेली नेमून दिलेली व्यक्ती, असता. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, त्या काळात कंपनीचा शेअर घ्यायचा नाही, विकायचा नाही, आणि हे नियम तुमच्या जवळच्या नातेवाइकांनाही लागू होतात, म्हणजे नवरा किंवा बायकोने सहज केलेला व्यवहारसुद्धा तुमच्या अंगावर येतो. घरी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. किमतीवर परिणाम करेल अशी अप्रकाशित माहिती कोणाला दिली याची नोंद कंपनीला ठेवावी लागते, त्यामुळे बँकरला किंवा कन्सल्टंटला फाइल पाठवण्याआधी कंपनी सेक्रेटरींना विचारा.

बोर्डाचं कॅलेंडरही पाठ असू द्या. वर्षाला किमान चार बैठका, दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही, साधारण ७ दिवस आधी नोटीस, लिस्टेड कंपनीचे तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक ६० दिवसांत. अजेंडा, मिनिट्स हे सगळं कंपनी सेक्रेटरी करतात, त्यात लुडबूड करू नका. तुमचं काम एवढंच की एमडीचं बोर्डासमोरचं टिपण दहा दिवस आधी तयार असेल आणि त्यातला प्रत्येक आकडा सीएफओच्या आकड्याशी जुळेल.

लिस्टेड नसलेल्या कंपनीतही पगारशीट, कर्जाची बोलणी, कोण सोडून चाललंय हे सगळं तुम्हाला माहीत असतं. डेक्कन क्वीनमध्ये बसून फोनवर कामाचं बोलू नका, पुण्या-मुंबईचा निम्मा उद्योग त्याच गाडीत असतो. ऑफिसात जेवायला मात्र सगळ्यांबरोबर बसा, एकटे बसायला लागलात की खालचं खरं तुमच्यापर्यंत येणं बंद होतं.

निघायचं कधी

दीड-दोन वर्षं पुरेशी, फार तर तीन. त्यापेक्षा जास्त राहिलात की लोक तुम्हाला साहेबांची सावली म्हणूनच ओळखतात आणि स्वतःचा आकडा असलेली जागा मिळत नाही. वर्ष झालं की एमडीशी पुढचं बोलायला सुरुवात करा आणि मागताना असं काहीतरी मागा ज्याचा नफा-तोटा तुमच्या नावावर लागेल, एखादा छोटा प्लांट, एक्सपोर्टचा एखादा प्रदेश, नवीन प्रॉडक्ट. 'स्ट्रॅटेजी हेड' असं काही देऊ केलं तर नीट विचार करा, ते बरेचदा याच कामाचं दुसरं नाव असतं.

जागा सोडताना पुढच्या माणसाबरोबर महिनाभर तरी राहा. निर्णयांची नोंदवही द्या, अडकलेल्यांची ताजी यादी द्या, पण माणसांबद्दलची तुमची मतं देऊ नका, त्याला त्याची बनवू दे. आणि शेवटच्या दिवशी आयटीवाल्याला शेजारी बसवून एमडीच्या मेलबॉक्सचा ॲक्सेस, शेअर ड्राइव्ह, बोर्डाचे फोल्डर, सगळे व्हॉट्सॲप ग्रुप यातून स्वतःला काढून घ्या, बँकेचा किंवा पोर्टलचा कुठला ओटीपी तुमच्या नंबरवर येत असेल तर तो बदलून घ्या, आणि हे सगळं झाल्याचं एक मेल कंपनी सेक्रेटरींना टाका.